खाडीपलीकडचे शास्त्रज्ञ : डॉ. राजा रामण्णा

जासईहून अटल सेतूने मुंबईकडे निघाले की डाव्या हाताला घारापुरीचे बेट दिसते. लेण्यांसाठी ते जगभर ओळखले जाते. परंतु त्याच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, याची कल्पना फार थोड्यांना असते. पुढे उजव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी येते आणि तेथे पुलाच्या कडेने काही अंतर उंच पडदे उभारलेले दिसतात. भाभा अणुसंशोधन केंद्र प्रवाशांच्या नजरेआड राहावे, यासाठी ते आहेत. डॉ. राजा रामण्णा यांच्या आयुष्यातील कर्तृत्वाचा मोठा काळ त्या टेकडीच्या पायथ्याशी गेला. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे स्थान मोठे आहे. पण धम्माच्या नावाने चालणाऱ्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र येण्याला आणखी एक कारण आहे. ज्या अणुस्फोटाला तथागतांचे नाव चिकटले, त्या स्फोटाचे ते एक प्रमुख शिल्पकार होते. आपल्या मुलांना हा माणूस दोन्ही बाजूंनी ठाऊक असला पाहिजे.

रामण्णांचा जन्म २८ जानेवारी १९२५ रोजी म्हैसूर संस्थानातील तुमकूर जिल्ह्यात झाला. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील त्यांच्याहून एका वर्षाने लहान, १९२६चे. एकाच खाडीच्या दोन तीरांवर या दोन समवयस्कांची आयुष्ये गेली. एकाने सरकारच्या विश्वासाने प्रयोगशाळा उभारल्या, तर दुसऱ्याने सरकारने घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४चे आंदोलन उभे केले. दोघांची तुलना करण्याचे हे स्थळ नव्हे; पण स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना दोन्ही तीर पाहावे लागतात, एवढे खरे.

रामण्णांचे वडील न्यायखात्यात होते. घरात शिक्षणाला मान होता आणि मुलाला लहानपणापासून पियानोची गोडी लागली. शालेय शिक्षण म्हैसूर आणि बंगळूर येथे झाले, पदवीचे शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात. त्यांना भौतिकशास्त्राची ओढ होती आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची साधनाही शेवटपर्यंत सुटली नाही. होमी भाभांशी त्यांची पहिली भेट १९४४मध्ये झाली, तीही विज्ञानामुळे नव्हे, तर संगीताच्या परीक्षेसाठी आलेल्या एका परीक्षकामुळे. भाभा स्वतः संगीताचे व चित्रकलेचे दर्दी होते. पुढे रामण्णा लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले, तेथे अणुकेंद्राच्या भौतिकीत डॉक्टरेट मिळविली आणि डिसेंबर १९४९मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. संस्था तेव्हा गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. उपकरणे बहुतेक हाताने जुळवावी लागत आणि माणसे घडवावी लागत. आरंभीची काही वर्षे न्यूट्रॉन पाण्यात व अन्य पदार्थांत शिरले की त्यांचा वेग कसा मंदावतो, याच्या अभ्यासात गेली. अणुभट्टी बांधायची, तर हे ज्ञान आधी हवे.

१९५६ हे वर्ष आपल्या समाजाच्या अंतःकरणात कोरलेले आहे. १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्याआधी दहा आठवडे, ४ ऑगस्ट रोजी, ट्रॉम्बे येथे देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही आणि ओढूनताणून तो जोडूही नये. या अणुभट्टीचे इंधन ब्रिटनहून आले होते. बांधणी आपल्या लोकांनी केली. पाण्याच्या खोल हौदात बुडवलेले युरेनियम, त्याभोवती पसरणारी निळसर आभा आणि एक मेगावॅट शक्ती, असे तिचे रूप. पंडित नेहरूंनी तिचे नाव अप्सरा ठेविले. ती उभारणाऱ्या मंडळींत रामण्णा होते.

अप्सरा वीज निर्माण करीत नसे. तिचे मोल तिच्यातून मिळणाऱ्या न्यूट्रॉनच्या झोतात होते. तो झोत हाती आल्यावर रामण्णांनी जो विषय निवडला, त्यासाठी जगातील विज्ञानक्षेत्र त्यांना आजही ओळखते. तो विषय म्हणजे विखंडन.

युरेनियमचे अणुकेंद्र न्यूट्रॉनच्या आघाताने दुभंगते, हे जर्मनीत ऑटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या रासायनिक प्रयोगांतून १९३८च्या अखेरीस दिसून आले. घडले काय याचा उलगडा लीझे माइट्नर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी काही दिवसांतच केला. पाण्याचा थेंब लांबट होत जावा, मध्ये बारीक व्हावा आणि त्याचे दोन थेंब व्हावेत, तसे हे घडते. दोन्ही खंड एकमेकांना दूर लोटत सेकंदाला दहा हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने विरुद्ध दिशांना सुटतात. ते तापलेले असतात. आधी दोन-तीन न्यूट्रॉन फेकून आणि मग सरासरी सात-आठ गॅमा किरण, म्हणजे अतिशय ऊर्जावान प्रकाशकण, सोडून ते शांत होतात. ऊर्जा किती निघते हे सर्वांनाच हवे होते, कारण त्यावर वीजही होणार होती आणि बॉम्बही. पण तुटण्याच्या त्या क्षणी आत काय घडते, हे कोणालाच दिसत नाही. तो क्षण अत्यल्प असतो. नंतर बाहेर पडणाऱ्या कणांवरून मागचा इतिहास ओळखावा लागतो, जसे वाळूवरील पावलांवरून कोणी कोठून आले ते ओळखतात.

रामण्णा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेर पडणारे न्यूट्रॉन, गॅमा किरण व हलके विद्युत्भारित कण यांची मापने वर्षानुवर्षे केली. त्यांतील एक प्रयोग येथे विस्ताराने सांगण्याजोगा आहे. तो त्यांनी एस. एस. कपूर यांच्यासह केला आणि त्याचा वृत्तांत १९६४मध्ये अमेरिकेच्या फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रश्न दिसायला साधा आहे. तुटून सुटणारे खंड केवळ सरळ धावतात, की धावता धावता स्वतःभोवती फिरतातही? फिरत असतील तर किती, आणि कोणत्या आसाभोवती? अणुकेंद्राच्या फिरण्याला परिवलन म्हणतात आणि ते ठरावीक एककांत मोजतात. युरेनियम-२३५चे परिवलन साडेतीन एकक असते, न्यूट्रॉनचे अर्धे. मंद न्यूट्रॉन आत शिरल्यावर तयार होणाऱ्या केंद्राचे परिवलन तीन किंवा चार, इतकेच होऊ शकते. पण दोन्ही खंडांचे परिवलन प्रत्येकी सरासरी सहा-सात एककांच्या घरात आढळते. कॅलिफोर्नियम-२५२ तर आपोआप तुटते. तुटण्यापूर्वी त्याचे परिवलन शून्य असते आणि तुटल्यावर त्याचेही खंड गरगर फिरताना आढळतात. मुळात जे नव्हते ते आले कोठून? एकूण हिशेब अर्थात चुकत नाही, कारण दोन खंडांची एकमेकांसापेक्षची गती ती वजाबाकी भरून काढते. पण फिरण्याला चालना कोणी दिली, हा प्रश्न उरतोच.

खंडाला दोरा बांधून त्याचे फेरे मोजता येत नाहीत. त्याच्यातून निघणारा प्रकाशकण हाच साक्षीदार. फिरणारे केंद्र ज्या प्रकारचे गॅमा किरण प्रामुख्याने सोडते, ते त्याच्या आसाच्या दिशेने कमी आणि आसाशी काटकोनात जास्त निघतात. जाते फिरत असताना पीठ खुंट्याच्या टोकाकडून उडत नाही, पाळीच्या कडेने चहूकडे पडते. दाखला स्थूल आहे, पण दिशेची कल्पना यावी एवढ्यापुरता चालेल. आता खंडाचा आस त्याच्या धावण्याच्या दिशेला आडवा असेल, तर गॅमा किरण धावण्याच्या दिशेने अधिक आणि आडव्या दिशेने कमी मिळावेत. हा तर्क सोव्हिएत शास्त्रज्ञ स्त्रुतिन्स्की यांनी १९६०मध्ये गणिताने मांडला होता. दोन दिशांतील फरक मोजला की त्यावरून परिवलन किती, याचा अंदाज बांधता येतो.

मोजायचे कसे? खंड कोणत्या दिशेला गेला ते एका उपकरणाने टिपायचे, त्याच क्षणी निघालेला गॅमा किरण दुसऱ्या उपकरणाने टिपायचा. मग दुसरे उपकरण कधी खंडाच्या रेषेत, कधी काटकोनात ठेवून दोन्हीकडची संख्या ताडून पाहायची. लिहिताना सोपे वाटते. पण न्यूट्रॉनही त्याच उपकरणावर येऊन आदळतात आणि स्वतः गॅमा किरण असल्याची बतावणी करतात. ते थोडे उशिरा पोहोचतात, म्हणून वेळेचा अतिसूक्ष्म हिशेब ठेवून त्यांना वेगळे काढावे लागते. शिवाय किरण सोडणारा खंड स्वतःच प्रचंड वेगाने धावत असल्यामुळे पुढच्या दिशेला किरण थोडे अधिक मिळतातच, परिवलन असो वा नसो. तेवढी वाढ वजा केली नाही, तर निष्कर्ष खोटा ठरतो. आणि हे सारे करून जो फरक हाती लागतो, तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासचा. शंभर किरण आडवे मोजले तर खंडाच्या रेषेत एकशे दहा, एकशे पंधरा. हजारो नव्हे, लक्षावधी नोंदी घेतल्याखेरीज असा फरक विश्वासार्ह ठरत नाही.

ट्रॉम्बेच्या मापनात गॅमा किरणांचा कल खंडांच्या दिशेकडे असल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी अमेरिकेतूनही अशाच मापनाचा वृत्तांत आला. खंड फिरतात, आणि त्यांचा आस धावण्याच्या दिशेला आडवा असतो. स्वातंत्र्य मिळून सतरा वर्षे झालेल्या देशात, एक मेगावॅटच्या छोट्या अणुभट्टीच्या पिढीत वाढलेल्या माणसांनी हे काम जगाच्या बरोबरीने केले. रामण्णांच्या चरित्रात पुढे आलेली पदे व पदके पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या सर्वांहून हे काही टक्के अधिक मोलाचे आहेत. त्यात कोणाला भिववायचे नव्हते, कोणाला दाखवायचेही नव्हते.

माणसे घडविण्याचे त्यांचे काम याच काळातील. ट्रॉम्बेची प्रशिक्षणशाळा १९५७मध्ये सुरू झाली. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांना निवडून वर्षभर शिकवायचे आणि मग प्रयोगशाळेत घ्यायचे, अशी तिची रीत. तिच्या उभारणीत रामण्णांचा वाटा मोठा होता आणि देशाच्या अणुकार्यक्रमातील पुढच्या कित्येक पिढ्या तेथूनच आल्या. परदेशातून तज्ज्ञ मागवीत बसण्यापेक्षा आपलीच मुले शिकवावीत, हा विचार वसतिगृहे व शाळा काढणाऱ्या आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी होमी भाभांचे विमान माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. १९७१च्या अखेरीस विक्रम साराभाईही गेले. १९७२मध्ये रामण्णा भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. येथून त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू सुरू होते.

कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली सायरस अणुभट्टी १९६०पासून ट्रॉम्बेत चालू होती. तिच्यातील वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढता येत असे. साहाय्य मिळाले होते शांततेच्या उपयोगासाठी. त्याच प्लुटोनियमपासून रामण्णा, पी. के. अय्यंगार, आर. चिदंबरम् आणि मोजक्या सहकाऱ्यांनी अत्यंत गुप्तपणे स्फोटक साधन तयार केले. होमी सेठना तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. १८ मे १९७४ रोजी सकाळी राजस्थानातील पोखरणच्या वाळवंटात, जमिनीखाली शंभर मीटरहून अधिक खोलीवर, त्याचा स्फोट झाला. सरकारने त्याला शांततामय अणुस्फोट म्हटले. कॅनडाने साहाय्य थांबविले. अणुसामग्रीच्या व्यापारावर निर्बंध घालणारा देशांचा गट या स्फोटानंतरच स्थापन झाला. पुढच्या वर्षी रामण्णांना पद्मविभूषण मिळाले.

या स्फोटाला हसरा बुद्ध हे नाव जगभर चिकटले. बुद्ध हसल्याचा सांकेतिक निरोप पंतप्रधान इंदिरा गांधींना गेला, अशी कथा सांगतात. निरोप कोणी दिला, कसा दिला, दिला तरी का, याविषयी सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. जोडीला आणखी एक गोष्ट पुस्तकांतून, वृत्तपत्रांतून आणि भाषणांतून सर्रास सांगितली जाते, ती म्हणजे हा स्फोट बुद्धपौर्णिमेच्या दिवशी झाला. ही गोष्ट चुकीची आहे. १९७४ साली वैशाख पौर्णिमा ६ मे रोजी होती. १८ मे रोजी कृष्ण पक्ष अखेरीकडे चालला होता. पौर्णिमेला बारा दिवस उलटून गेले होते. ज्याला शंका असेल त्याने जुने पंचांग काढून पाहावे. बुद्धपौर्णिमेला स्फोट झाले ते १९९८ साली, ११ मे रोजी. त्यांवरून मागच्या स्फोटाचीही तिथी लोकांच्या मनात पक्की झाली असावी. आपल्याच व्याख्यानांतून, आपल्याच फलकांवरही ही चूक येते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदविली आहे. तिथी चुकीची ठरली तरी नावाचा प्रश्न मिटत नाही.

पंचशीलातील पहिलेच शील प्राणहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. ज्याने अंगुलीमालाच्या हातातील शस्त्र खाली ठेवविले, त्याचे नाव शस्त्राला द्यावे आणि त्याच्या मुखावरील स्मिताचा अर्थ वाळवंटातील हादऱ्यात शोधावा, हे कोणा एका व्यक्तीचे अपकृत्य म्हणून सोडून देण्यासारखे नाही. देशातील सत्ताधारी व सुशिक्षित वर्गाला बुद्ध हे एक सोयीचे, शोभेचे नाव वाटत होते, एवढेच त्यावरून दिसते. बाबासाहेबांनी अठरा वर्षांपूर्वी लक्षावधी माणसांना ज्या बुद्धाकडे नेले, तो बुद्ध त्यांच्या गणतीतच नव्हता. दुसरीकडे, देशाच्या संरक्षणासाठी अण्वस्त्र आवश्यक होते असे मानणारे पुष्कळ लोक आपल्यातही आहेत आणि त्यांची देशनिष्ठा संशयातीत आहे. त्यांच्याशी वाद घालता येईल, घालावाही. पण नावाच्या बाबतीत वादाला फारशी जागा नाही.

रामण्णांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. शांततामय स्फोट हा सरकारी शब्द त्यांनी पुष्कळ वर्षे निभावला. परंतु १९९७मध्ये, पोखरणच्या दुसऱ्या स्फोटांच्या आधी काही महिने, त्यांनी उघडपणे मान्य केले की १९७४चा स्फोट हा बॉम्बचाच होता आणि त्यात शांततामय असे फारसे काही नव्हते. सत्य सांगायला तेवीस वर्षे लागली. तरीही ते सांगितले गेले, आणि ते त्यांनीच सांगितले.

पुढील कारकीर्द थोडक्यात सांगता येते. १९७८पासून काही वर्षे ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार होते. १९८१मध्ये पुन्हा ट्रॉम्बेचे संचालक, १९८३ ते १९८७ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. याच काळात, ऑगस्ट १९८५मध्ये, शंभर मेगावॅटची ध्रुव ही संशोधन अणुभट्टी ट्रॉम्बेत सुरू झाली. इंदूरचे प्रगत तंत्रज्ञान केंद्रही त्यांच्या कारकिर्दीतील. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. निवृत्तीनंतर बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे ते पहिले संचालक झाले. १९९०मध्ये व्ही. पी. सिंह यांच्या मंत्रिमंडळात ते संरक्षण राज्यमंत्री होते, नंतर राज्यसभेचे सदस्यही. आत्मचरित्र लिहिले, आणि भारतीय रागसंगीत व पाश्चात्त्य संगीत यांच्या रचनेची तुलना करणारा ग्रंथही लिहिला. २४ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या प्रश्नावर त्यांनी १९६४मध्ये मापन प्रसिद्ध केले, तो मात्र त्यांच्या पश्चातही जिवंत राहिला. पॅरिसजवळील ओर्से येथील प्रयोगशाळेत अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी थोरियम, युरेनियम आणि कॅलिफोर्नियम यांच्या विखंडनातील गॅमा किरण टिपले. या वेळी साक्षीदार टिपणारी उपकरणे दोन-चार नव्हती, खंडाच्या चहूबाजूंनी वेढा घातलेली होती. कोणत्या खंडातून कोणता किरण निघाला, हेही त्यांना वेगळे ओळखता आले. २०२१ साली नेचर या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला. एका खंडाच्या परिवलनाचा दुसऱ्याच्या परिवलनाशी मेळ दिसत नाही. दोघे जणू एकमेकांची वार्ता नसल्यासारखे फिरतात. त्यावरून त्यांनी म्हटले की फिरणे तुटण्यापूर्वी येत नाही, तुटल्यानंतर येते. मधला मानेसारखा ताणलेला भाग तुटून दोन्ही खंड आपापल्या आकाराकडे झेपावतात, तेव्हा ते घडते. काही सिद्धांतकारांना हे मान्य नाही. परिवलन तुटण्याआधीच निर्माण झाले, तरी दोन खंडांत असाच मेळ नसणे शक्य आहे, असे त्यांनी गणिताने दाखविले.

येथे प्रतीत्यसमुत्पादाचा दाखला देण्याचा मोह एखाद्या अभ्यासू वाचकाला होईल. मुळात नव्हते, हेतू आणि प्रत्यय जुळले आणि उत्पन्न झाले! हा मोह आवरावा. अणूची साक्ष धम्माला लागत नाही, आणि धम्माच्या साक्षीने प्रयोगशाळेतील वाद मिटत नाही. तो आणखी किरण मोजूनच मिटेल. अप्सरा २००९मध्ये थांबविण्यात आली आणि २०१८मध्ये त्याच जागी अधिक शक्तीची नवी अप्सरा चालू झाली. ट्रॉम्बेच्या प्रशिक्षणशाळेत दरवर्षी परीक्षा व मुलाखतीतून नवे विद्यार्थी निवडले जातात. विज्ञानाची पदव्युत्तर किंवा अभियांत्रिकीची पदवी चांगल्या गुणांनी मिळविलेल्या मुलामुलींना अर्ज करता येतो.